काकांना कोण सांगणार

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला होतो त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं, की समोरच्याला थंडीबद्दल, एकटेपणाबद्दल, घराच्या आठवणींबद्दल ऐकायचं असतं. ते सगळं थोडंफार होतंच. पण खरं सांगायचं तर मला आधी आठवते ती चिडचिड. भांडी न घासणाऱ्या माणसांबरोबर एका घरात राहण्याची, आणि त्याच माणसांबरोबर दर रविवारी फुटबॉल खेळण्याची. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी जबडा आपोआप आवळला जातो. बायको म्हणते, "एवढा त्रास व्हायचा तर खेळायला जात कशाला होतात?" याचं सरळ उत्तर मला अजून देता आलेलं नाही. लिहिता लिहिता सापडलं तर बघू.

आमचं घर बसथांब्याच्या मागच्या गल्लीत होतं. लाकडी, दुमजली, एका बाजूला किंचित कललेलं. खालच्या मजल्यावर आम्ही तिघं: पुण्याचा शिरीष, माटुंग्याचा अनंत आणि मी. वरच्या मजल्यावर गोव्याचा लुइस एकटा राहायचा, पण जेवायला खालीच असायचा. स्वयंपाकघरात फोडणी पडली की धुराचा अलार्म केकाटायचा, म्हणून फोडणीच्या वेळी एकाने स्टुलावर चढून अलार्मखाली टॉवेल हलवत राहायचं, असा नियम होता. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. ज्याची पाळी त्याने सातच्या आत कुकर लावायचा. नाही लावला तर बाकीचे पाव आणि पीनट बटर खाऊन दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलायचे. अनंतने ही पाळी इतकी मनावर घेतली होती, की आठवड्यातल्या एका सरावाच्या सामन्यात हाफ-टाइमनंतर तो मैदानावर दिसेनाच. आम्हाला वाटलं, पाय मुरगळून कुठेतरी बसला असेल. घरी आलो तर हा गॅससमोर उभा राहून शिट्ट्या मोजत होता. "माझी पाळी होती ना यार," म्हणाला. आम्ही तोवर दहा जणांत हरून आलो होतो. वर त्या दिवशीची आमटीही खारट झाली होती.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजचा दरवाजा पाहिलेला मी पहिला. वडील कोल्हापुरात फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करायचे. मी नेमकं काय शिकतोय, ते त्यांना सांगता यायचं नाही; कुणी विचारलं तर म्हणायचे, "इंजिनाचंच काहीतरी, पण मोठं." निघताना आईने एवढंच सांगितलं होतं, "मोठ्या माणसांस्नी उलटून बोलू नको बाबा. परका मुलूख हाय." ते मी जरा जास्तच पाळलं. वर्गात हात वर करायचो नाही. माझे प्रोफेसर फळ्यावर काहीतरी लिहून, "तुला पटतंय?" असं विचारायचे आणि मी, पटो न पटो, मान हलवायचो. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी गप्प राहायचो.

फक्त मैदानावर मी असा नव्हतो. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि त्यांचे सामने म्हणजे सणासारखे. मी आमच्या तालमीकडून खेळायचो. आम्हाला शिकवणारे बापू खांद्यावर पंचा टाकून रेषेबाहेर उभे असत. पायात चेंडू कसा खेळवायचा हे त्यांनी फारसं शिकवलं नाही. ते एकाच गोष्टीवर ओरडायचे: "मुका हाईस का रं? बोल की! बॉल कुणाचा?" चेंडू दोघांच्या मध्ये आला, की ज्याचा असेल त्याने 'माझा' म्हणून ओरडायचं. मागे माणूस आला तर सांगायचं. ज्याची जागा सुटली त्याला नाव घेऊन हाक मारायची, मग तो वयाने केवढाही असो. आमच्या फॉरवर्डला कंपनीत साहेब म्हणत, पण मैदानात मी त्याला, "आरं, माघारी फीर की," म्हणायचो आणि तो फिरायचा. सामना संपला की मी पुन्हा त्याच्या पाया पडायचो. यात विचित्र काही आहे, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

तर ॲन आर्बरच्या गणपतीत मला दिनूकाका भेटले. तिथल्या एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसादाच्या रांगेत त्यांनी गाव विचारलं, आणि 'कोल्हापूर' म्हणताच माझा दंडच धरला. "म्हणजे फुटबॉल! मालती, इकडे ये, हा बघ कोल्हापूरचा सापडला." काका मूळचे नागपूरचे. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते, अमेरिकेत येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पोट सुटलं होतं, चष्मा जाड होता. लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना मैदानावर कधी जाऊ दिलं नव्हतं. घराच्या खिडकीतून पोरं खेळताना दिसायची आणि हे आत गणितं सोडवत बसायचे. पुढे एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ते मला म्हणाले, "आयुष्यात एक गोल मारायचाय रे. एकच. मग सोडून देतो." डोळ्यांत पाणी होतं, कांद्याचं असावं.

आमच्या घरातले चौघं आणि गणपतीला जमणारे काही जण मिळून काकांनी शहराच्या रविवारच्या लीगमध्ये संघ उतरवला. नारिंगी जर्सी त्यांनी आणल्या. चेंडू त्यांचे. सामान आणि माणसं कोंबून नेणारी लांबलचक स्टेशन वॅगन त्यांची. आणि सामन्यानंतर सगळ्यांना जेवण त्यांच्याकडे. त्या जेवणाबद्दल लिहायला लागलो तर फुटबॉल बाजूलाच राहील. आठवडाभर आम्ही एकमेकांच्या हातचं सोसलेलं असायचं, आणि मालतीकाकूंच्या टेबलावर मसालेभात, त्यावर ओलं खोबरं, बटाट्याची भाजी, पुऱ्या. सावर क्रीम रात्रभर फडक्यात बांधून केलेलं श्रीखंड. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम. काकू मला इतरांपेक्षा एक पुरी जास्त वाढायच्या आणि वर म्हणायच्या, "तू लाजतोस, म्हणून मीच घालते." त्या घरात मला कुणी पाहुणा समजत नव्हतं. आठवड्यात तेवढाच एक दिवस मी कुणाच्या तरी घरचा असायचो.

कोल्हापूरचा म्हणून मला कॅप्टन केलं होतं. पण सेंटर फॉरवर्ड कोण, हे विचारायची सोयच नव्हती. काका समोरच्या संघाच्या गोलजवळ कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि सामना संपेपर्यंत तिथेच असायचे. चेंडू आपल्याकडे असो वा नसो. रेफरी थकून जायचा ऑफसाइडची शिट्टी वाजवून. त्यांची मुलगी अंजू हायस्कूलच्या मुलींच्या संघात खेळायची. ती एकदा आमचा सामना बघायला आली आणि घरी जाताना गाडीत म्हणाली, "डॅड, यू नेव्हर कम बॅक. लाइक, एव्हर." काका म्हणाले, "तुझं होमवर्क झालं का?"

बरं, सगळं काकांवर ढकलून चालणार नाही. बाकीच्यांचा वैताग वेगळाच होता. आमच्या लोकांना जेवणाच्या पंगतीतली आग्रहाची सवय; ती त्यांनी जशीच्या तशी मैदानावर आणली. गोल समोर मोकळा आहे, चेंडू अनंतच्या पायात आहे, आणि अनंत काय करतो? शिरीषला देतो. शिरीष परत अनंतला. "अरे तू मार ना." "नाही नाही, तू मार." तेवढ्यात कुणाला तरी काका दिसायचे. मग, "काकांना द्या, काकांना द्या," आणि चेंडू ऑफसाइडला उभ्या काकांकडे. शिट्टी. आपल्या गोलसमोर चेंडू उंच आला की दोन शहाणी माणसं एकमेकांकडे बघत मागे सरकायची, दारातून आधी कुणी जायचं असा प्रश्न पडल्यासारखी, आणि चेंडू मध्ये टप्पा खाऊन गोलमध्ये जायचा. मी ओरडून ओरडून घसा बसवला होता: "बॉल कुणाचा? बोला की कुणीतरी!" शिरीष त्याचं विश्लेषण करायचा. तो फिजिक्सवाला. हरल्यानंतर गाडीत बसून हवेत बोटाने कोन काढत, चेंडू कुठे जायला हवा होता ते तो सांगायचा. सगळं बरोबर असायचं. त्याला फक्त धावायला सांगू नका.

लुइस आमचा गोलकीपर. खेळ खऱ्या अर्थाने येणारा माझ्याखेरीज तोच एक. तो बिचारा दर रविवारी पाच-सहा गोल खायचा आणि कोंकणीत स्वतःशी बोलत जाळ्यातून चेंडू काढायचा.

एकामागून एक सामने हरत पानं गळायचा मोसम संपत आला. शेवटचा सामना उरला, तेव्हा लीगच्या सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या खात्यावर एकही गुण नाही. शेवटच्या सामन्यातही नाही मिळाला तर वसंतात तुमच्या जागी दुसरा संघ येईल, बरेच जण थांबलेत. बरोबरी झाली तरी एक गुण मिळणार होता. तेवढाच हवा होता.

त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर वरण-भात थंड होत गेला.

"सरळ आहे," लुइस म्हणाला. "काकांना मागे घ्या. माझ्यासमोर कुणीतरी उभं तरी राहील. नुसतं उभं राहिलं तरी चालेल, एवढं मोठं पोट आहे."

"ए, काहीही काय बोलतोस," अनंत म्हणाला. "त्यांच्या घरी जेवतो आपण."

"म्हणून मी गोल खायचे का?"

शिरीषने चमचा खाली ठेवला. "तत्त्वतः लुइसचं बरोबर आहे. प्रश्न एवढाच आहे, की काकांना कोण सांगणार."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी का?" मी म्हणालो.

"तू कॅप्टन ना तान्या."

"कॅप्टन मला त्यांनीच केलंय."

"मग तर तुझं ऐकतीलच," शिरीष म्हणाला आणि दही घ्यायला उठला. या माणसाने पुढे मोठमोठ्या ठिकाणी भाषणं केली. त्या दिवशी मात्र दह्यामागे लपला.

शनिवारी मी बसने काकांच्या घरी गेलो. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं: काका, उद्या तुम्ही डिफेन्सला खेळलात तर संघाला मदत होईल. पाठच केलं होतं. काकूंनी दार उघडलं, "बरा आलास, श्रीखंड चाखून सांग," म्हणत हातात वाटी दिली. काका तळघरातून वर आले ते हातात नवे बूट घेऊन. "बघ, काय घेतलं. खाली कसे स्पाइक आहेत ते बघ. उद्या शेवटचा चान्स रे. उद्या होणार बघ." त्यांनी गालिच्यावरच बूट चढवून पेनल्टी मारल्यासारखा पाय झाडला, आणि काकू ओरडल्या, "अहो, गालिचा!" मी श्रीखंड संपवलं, चांगलं झालंय म्हणालो आणि बसने परत आलो. शिरीषने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो म्हणाला, "वाटलंच होतं." मला त्याला वरणाच्या पातेल्यात बुडवावंसं वाटलं.

रविवारी हवा कडक होती. मैदानाच्या कडेचं गवत पांढरं पडलं होतं. समोर दाताचे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचा संघ होता, सगळी उंच आणि हसतमुख. त्यांनी लवकरच एक गोल केला. मग लुइसने लांब मारलेला चेंडू मला सापडला आणि मी, कुणालाही आग्रह न करता, सरळ गोलमध्ये मारला. एक-एक. हाफ-टाइमला काका संत्र्याच्या फोडी वाटत म्हणाले, "माझ्याकडे येऊ द्या, माझ्याकडे." मी फोड तोंडात टाकली, म्हणजे बोलायला नको.

बरोबरी कशीबशी टिकली. लुइस उड्या मारत होता, अनंत चक्क मागे येत होता. त्याची पाळी नव्हती म्हणून असेल. सामना संपायला थोडा वेळ उरला आणि त्यांच्या एका मुलाच्या हाताला गोलजवळ चेंडू लागला. पेनल्टी. आमच्या संघाला मोसमात मिळालेली दुसरी. पहिली काकांनी घेतली होती. तो चेंडू पार्किंगमधल्या एका गाडीखालून काढावा लागला होता.

काका चालत आले आणि चेंडू उचलून पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. सगळे मागे सरले. "काका, तुम्हीच घ्या," अनंत म्हणाला. "हो, काकांनाच घेऊ दे," शिरीष म्हणाला. आणि मग ती सगळी माणसं काकांचा गोल बघायला पुढे येऊन ओळीने उभी राहिली. लग्नात मंगलाष्टकांना जमतात तशी. मी मागे वळून पाहिलं. आमच्या अर्ध्या मैदानात लुइस सोडून कुणी नव्हतं. आणि त्यांचा एक उंच मुलगा मधल्या रेषेजवळ शांतपणे उभा होता. लुइस तिकडून दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघत होता. रेफरीने घड्याळावर बोट आपटलं.

आतून जे आलं ते बसमध्ये पाठ केलेलं वाक्य नव्हतं. तालमीतला आवाज होता, काकांसमोर तो आजवर कधी निघाला नव्हता. "काका, ठेवा तो बॉल. मी घेणार. तुम्ही मागं जा."

"तान्या, अरे असं काय करतोस, त्यांना घेऊ दे की," शिरीष म्हणाला.

"तू गप. काका, मागं जा. लुइसच्या समोर. मागं कुणी नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. चष्म्यावर वाफ आली होती, डोळे दिसले नाहीत. मग ते वळले आणि चालायला लागले. धावले नाहीत, चालत गेले, नव्या बुटांनी, पूर्ण मैदान ओलांडत. माझ्या आयुष्यात इतकी लांब चाल मी कुणाची पाहिलेली नाही.

मी पेनल्टी मारली. चांगली मारली होती, उजव्या कोपऱ्यात, खाली. त्यांच्या कीपरने झेप घेऊन अडवली.

पुढचं सगळं भराभर झालं. कीपरने उठून चेंडू लांब फेकला तो त्या उंच मुलाकडे. आमची ओळ अजून गोलकडेच तोंड करून उभी होती, 'अरेरे' म्हणत. मी धावलो, पण कुठला पोचतोय. त्या मुलाच्या आणि लुइसच्या मध्ये फक्त दिनूकाका होते, आणि तिथे ते एवढ्यासाठीच होते की त्यांना तिथे जायला सांगितलं होतं. लुइस ओरडला, "काका, समोर या, समोर! हलू नका!" काका त्याच्या समोर गेले आणि हलले नाहीत. मुलाने ताकदीने फटका मारला. चेंडू काकांच्या तोंडावर बसला, चष्मा उडाला, काका बसकण मारून खाली आले आणि चेंडू रेषेबाहेर गेला. शेवटची शिट्टी वाजली.

आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो. नाकातून रक्त येत होतं. "काका, लागलं का? काका, दिसतंय का?"

"गेला का बाहेर?" काकांनी विचारलं.

"गेला," लुइस म्हणाला. त्याने त्यांचं डोकं छातीशी धरलं होतं.

आता कुणी विचारलं, की फुटबॉलने काय शिकवलं, तर मला काकांची ती चालच आठवते. पुढे शॉमबर्ग नावाच्या तिथल्याच एका गावात एका कंपनीत मी तीस-एक वर्षं नोकरी केली. तिथल्या मीटिंगांत रोज तेच: चेंडू उंच आलाय, दोन शहाणी माणसं हसत मागे सरकतायत, आणि बॉल कुणाचा हे कुणी बोलत नाही. मी बोलायचो. आवडायचं असं नाही, पण बोलायचो. त्या सामन्यानंतर प्रोफेसरांनी पुन्हा फळ्यापाशी, "पटतंय?" विचारलं, तेव्हा, "नाही, दुसरी ओळ पटत नाही," असं माझ्या तोंडून निघालं. ती ओळ त्यांचीच बरोबर होती. समजावायला त्यांनी अर्धा तास घालवला आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारायला लागले. म्हणजे बोललं की आपलंच खरं होतं, असं काही नाही. पेनल्टीही हुकलीच की.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही स्टेशन वॅगनमधून काकांच्या घरी निघालो. चष्मा फुटल्यामुळे गाडी शिरीष चालवत होता, काका शेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते. गुण मिळाला होता, संघ राहिला होता, आणि मी शेवटच्या सीटवर जाळीच्या पिशवीतले चेंडू मांडीवर घेऊन एवढाच विचार करत होतो, की आता रविवारी मी कुठे जाणार. शिरीषला पहिल्यांदाच विश्लेषण सुचत नव्हतं.

काकूंनी दार उघडलं आणि, "अहो, हे काय झालं," म्हणून हातातला झारा तसाच धरून पुढे आल्या.

"कॅप्टनने मागे पाठवलं होतं," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पायातले बूट काढायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. अंजू तिच्या सामन्याहून आलेली होती, गुडघ्यांना चिखल. ती जिन्यावरून म्हणाली, "वेट. डॅड वेंट बॅक?"

"गेलो ना," काका म्हणाले. "आणि अडवला. विचार याला."

पानं वाढली. मसालेभात होता, श्रीखंड होतं. काकू पुऱ्यांचं ताट घेऊन फिरत माझ्याकडे आल्या आणि नेहमीसारखी एक जास्तीची पुरी उचलली. काकांनी नाकावरचा बर्फ बाजूला केला. "त्याला आग्रह करू नको, मालती. पेनल्टी घालवलीय त्याने."

पहिल्यांदा लुइस हसला, मग सगळेच. काकूंनी पुरी पानात घातली.

निघताना काका दारापर्यंत आले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा वेगळाच, पोरासारखा दिसत होता. बाकीचे गाडीकडे गेले, मी लेस बांधत मागे राहिलो. काही बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच तेच म्हणाले, "काहून रे, शनिवारी श्रीखंड खायला आला होतास, तेव्हाच सांगायचं होतं ना तुला?"

मी मान डोलावली.

"हं." त्यांनी दाराची चौकट चाचपली. "मग आता वसंतात मी कुठे उभा राहू?"

"मागं," मी म्हणालो. "लुइसच्या समोर."

काकांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

"ठीक आहे. पण कॉर्नर मिळाला की मी पुढे येणार," ते म्हणाले. "ते आत्ताच सांगून ठेवतो."